दोन बोटं गाळ

मित्रांनो, मी काशीदच्या आवडाबाईंची जुनी काचेची बरणी. आधी माझ्यात कैरीचं लोणचं असायचं, आता काळा गाळ असतो. झाकण उघडाल तर पळत सुटाल. आवडाबाईंच्या नवऱ्याने, भागोजींनी, एकदा लोणचं समजून त्यात बोट बुडवलं होतं. हसून हसून मला तडा जायचाच बाकी होता.

पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. भागोजींच्या तळ्याला लागून जुने प्लास्टिकचे पाइप धुवायचं गोदाम होतं. पाइप मऊ राहावेत म्हणून त्यात एक तेलकट रसायन घालतात. ते झिरपत झिरपत तळ्यात उतरलं आणि भागोजींनी पाळलेले जिताडे मासे मेले. तळ्यात सोडायची जिताड्याची पिल्लं खाडीत यायला दीड महिना होता. तोवर पाणी सुधारलं नाही तर मुरूम टाकून तळं बुजवायचं, असं भागोजींनी ठरवून टाकलं. मुरमाचा ट्रकवाला रोज फोन करायचा.

त्यांची पुतणी रचना अलिबागला कॉलेजात शिकवते. तिने गोदामामागच्या गटारातला गाळ माझ्यात भरला. त्यातल्या जंतूंना म्हणे त्या रसायनाची चटक लागली होती. एकट्यादुकट्याचं काम नाही हां ते. एक जण तुकडे पाडतो, दुसरा ते खातो, तिसरा उरलंसुरलं चाटूनपुसून टाकतो. ही सगळी पंगत तिने सुंभ भरलेल्या ड्रममध्ये वाढवली. तळ्याचं पाणी त्यातून फिरवायचं होतं. मग मला कोण विचारतो? मी मोरीत, घासायच्या भांड्यांत.

शुक्रवारी रचना पंप लावायला आली. ड्रममध्ये वाकली आणि झटकन मागे झाली. विहिरीत टाकतात त्या पावडरचा वास येत होता.

"काकी, ह्यात काय टाकलंस?"

"पावडर. तू जंतू सोडणार म्हणालीस, म्हटलं पाणी तरी साफ असू दे."

"अगं, तिने जंतू मरतात."

"मग? त्यासाठीच टाकतात ना ती?"

 मग आवडाबाईंनाच उमगलं, आपण काय करून बसलो ते. रचनाने एवढंच विचारलं, बरणी कुठे आहे.

मी भागोजींच्या हातात होते, मित्रांनो. नळ चालू, अर्धा गाळ वाहून गेलेला, काथ्या माझ्या तोंडाशी.

"काका, थांब. आत हात घालू नकोस."

भागोजींनी नळ बंद केला. माझ्या तळाशी दोन बोटं गाळ उरला होता. त्यात कोण जिवंत आहे, मलाही ठाऊक नव्हतं.

ड्रम धुतला, उन्हात वाळवला, नवं सुंभ भरलं, माझ्यातला थोडा गाळ त्यात सोडला आणि पंप लावला. आवडाबाईंनी पावडरचा डबा शेजारच्या सगुणाकडे नेऊन ठेवला. बारा दिवस रचनाला पाण्याच्या तपासणीत काही फरक दिसेना. ट्रकवाला तर मुरूम भरूनच दारात आला. भागोजींनी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. ते असं सांगतील, मला वाटलं नव्हतं.

मग पाण्यातलं रसायन कमी व्हायला लागलं, अगदी रडतखडत. पिल्लं आली तेव्हा भागोजींनी जीव मुठीत धरून अकराच सोडली आणि तीन दिवस तळ्याकाठी बसून राहिले. आज सकाळी अकराही वर येऊन गेली. तेव्हा कुठे त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला.

"येऊ नको रे. तळ्यात पोरं हायत."

मित्रांनो, घाण म्हणून काही ओतून देण्याआधी जरा विचारत जा, आत कोणी कामावर तर नाही ना.