कुबडावरचं निशाण

“ताई, माणूस पडला की निशाण वर. उठून गेला की निशाण खाली. मधलं काही नाही,” मुख्य पंच म्हणाले आणि पिवळ्या कापडाची काठी त्यांनी माझ्या हातात दिली. वाहन परवान्याच्या परीक्षा घेण्यात त्यांचा जन्म गेलेला. साधी गोष्टसुद्धा ते समोरच्याला नापास करायच्या बेतानेच सांगत.

“आणि निशाण वर असताना बाकीच्यांनी काय करायचं?”

“वेग कमी. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. ओलांडलं तर एक नंबर मागे.”

आमच्या क्लबच्या हौशी मोटरसायकल शर्यतीचा एक नियम आहे. दगडमातीतून, चिखलातून गाड्या उडवायची हौस ज्याला आहे, त्याने घरचं एक माणूस कामाला आणायचं. आठ वर्षं मी चहाच्या टेबलामागे उभी राहिले आणि शर्यतीकडे पाठ करून कप विसळले. यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला कुबड आलं.

कुबड म्हणजे त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा उंचवटा. गाडी त्यावरून उडते, पण पलीकडच्या उतारावर काय आहे ते चढणाऱ्याला दिसत नाही. ते फक्त बाजूच्या उलट्या पिंपावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

“तूच बरी तिथे,” आमचे हे हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाले. “कुणाचं काही मोडलं तर जागच्या जागी प्लास्टर!”

सगळे हसले. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत मला बावीस वर्षं झाली. तिथे येणारा जो तो बाथरूममध्ये घसरलेला असतो. शेजाऱ्याशी हाणामारी केलेला, आंब्याच्या नाही तर कसल्याशा झाडावर चढलेला, दारू पिऊन जिन्यावरून आलेला, सगळे बाथरूममध्येच घसरतात. मी मान डोलावते आणि पट्टी भिजवते. यांचं मनगट आणि घोटा मीच गुंडाळलाय. त्या दोन्ही वेळा मात्र हे खरं बोलले होते, तेही अभिमानाने.

चार महिन्यांपूर्वी यांच्या कमरेच्या एक्स-रेची फिल्म आली, तीही मीच उजेडावर धरली. खालचे दोन मणके एकमेकांवर बसले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा जोरात आपटले तर पाय चालतीलच याची खात्री देता येणार नाही. मी भांडले. अबोला धरला. मुलीकडून फोन करवला. सगळं करून झाल्यावर हे एवढंच म्हणाले, “ही शेवटची.”

यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. पंचवीस वर्षं उंच इमारतींच्या त्या अंधाऱ्या चौकोनात ग्रीस आणि दोर. “लोकांना वर पाठवतो आणि आपण तळाशी,” असं हसत सांगायचे, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही. शर्यतीत पहिल्या तिघांना लाकडी चौथऱ्यावर उभं करतात आणि क्लबच्या फळ्यावर त्यांची नावं रंगवतात. यांचा आजवरचा सगळ्यात चांगला नंबर अकरावा. एकोणपन्नासाव्या वर्षी या माणसाला आयुष्यात फक्त एकदा त्या चौथऱ्यावर उभं राहायचं होतं. मला ते ठाऊक होतं आणि मलाही ते हवं होतं, खोटं कशाला बोलू?

शिट्टी झाली. एकतीस गाड्या, पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत हे नववे गेले. तिसऱ्या फेरीत पाचवे. चौथ्या फेरीत कुबडावरून उडाले तेव्हा यांच्या पुढे दोघेच होते. मी मोजलं, परत मोजलं आणि लाजलज्जा सोडून किंचाळले. पलीकडच्या वळणावर निशाण घेऊन उभ्या असलेल्या शिंपीणबाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या.

पण गाडी उतारावर आपटली ती वाकडी. यांची मान मागे गेली, एक हात हँडल सोडून क्षणभर कमरेशी गेला आणि पुन्हा हँडलवर आला. ते कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं. त्यानंतर मी शर्यत बघतच नव्हते, मी ती फिल्म बघत होते.

शेवटची फेरी. एक फेरी मागे पडलेले भूमितीचे मास्तर कुबडावरून आले आणि उतारावर आडवे झाले. मी निशाण वर केलं. मास्तर उठले, चिखल झटकला, गाडी उभी केली, मला अंगठा दाखवला आणि गेले. मी निशाण खाली घेतलं. उतार मोकळा होता. इथपर्यंत मी पंचांच्या परीक्षेत पास होते.

मग मला यांच्या गाडीचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. अंगणात दर रविवारी तो ऐकत मी कपडे वाळत घातलेत. चौथ्या नंबरावरच्या पाववाल्याची गाडी अगदी मागे लागली होती आणि हे जराही वेग कमी करत नव्हते. चौथ्या फेरीपेक्षा जोरात येत होते. माझे दोन्ही हात वर गेले. आपोआप गेले असं म्हणायला मला आवडेल, पण ते मी वर केले.

यांनी निशाण पाहिलं. नऊ वर्षांत ज्याने नियम मोडला नाही, तो माणूस तेव्हा तरी कसा मोडेल? यांनी वेग सोडला, सीटवर बसले आणि कुबडावरून बैलगाडीसारखे खाली उतरले. पाववाला यांच्या डोक्यावरून उडून पुढे गेला.

पाववाला तिसरा. आमचे हे चौथे.

मी पिंपावरून उतरून तंबूपाशी पोचेपर्यंत यांनी तक्रार दिली होती. पिवळं निशाण असताना पाववाल्याने ओलांडलं म्हणून. तंबूत दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी होती. पाववाला तिशीचा, बेकरीत भट्टीवर असतो. पहाटेची पाळी करून आला होता आणि चिखलाखाली त्याच्या भुवयांत अजून पीठ होतं.

“निशाण दिसलं होतं का?” पंचांनी त्याला विचारलं.

“दिसलं साहेब. पण फार जवळ होतो, आवरता आली नाही गाडी.” तो माझ्याकडे वळला. “वहिनी, काय असेल ते सांगा. कुणी पडलेलं असेल तर मी सरकतो मागे. वाद नाही.”

“मी पडलो होतो खरा,” मास्तर म्हणाले. “पण किती वेळ आडवा होतो ते मला विचारू नका. मला आकाश दिसत होतं, घड्याळ नाही.”

पंचांनी चष्मा पुसला. “ताई, सरळ प्रश्न आहे. हे दोघं आले तेव्हा उतारावर माणूस होता? असेल तर निशाण बरोबर आणि तुमचे मिस्टर तिसरे. नसेल तर निशाण चुकीचं आणि निकाल आहे तसा.”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. मास्तर पडले होतेच, दोन मिनिटं इकडची तिकडे करायची होती. बावीस वर्षं लोकांची बाथरूमं ऐकून घेतली, एक मी सांगितली असती तर कुणाचं आभाळ कोसळणार होतं? मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत होते.

मग मी पाववाल्याकडे पाहिलं. तेवढंच चुकलं माझं. तो माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होता की माझ्या तोंडून ‘हो’ निघेना.

“कुणी नव्हतं,” मी म्हणाले. “मास्तर गेले होते. मी निशाण खाली घेतलं होतं. परत वर केलं.”

“का?”

“आमचे हे येत होते म्हणून.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “लिफ्टवाल्याला ब्रेक घरूनच बसवलाय!” आणि तंबू हसला. वाईट माणसं नव्हती ती, दरवर्षी माझ्या हातचा चहा पिणारी. पाववाला तेवढा हसला नाही. यांनी पुढे होऊन तक्रारीचा कागद पंचांच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. नऊ वर्षांत हा माणूस अकरावा आला, विसावा आला, एकदा शर्यत पूर्णही करू शकला नाही, पण त्याला कुणी हसलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं.

आमचा छोटा टेम्पो मैदानाच्या कडेला उभा होता. हे मागची फळी पाडून तिच्यावर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. यांनी ती घेतली, पण प्यायले नाहीत.

“मी उतरताना बघितलं होतं,” हे म्हणाले. “उतारावर कुणी नव्हतं.”

“मग तक्रार कशाला केलीत?”

“वाटलं, तू म्हणशील, होतं म्हणून.”

मला राग आला, तो यांचा की माझा ते कळेना.

“अहो, ती फिल्म तुम्ही एकदा नीट बघितली असतीत तर...”

“बघितली होती. तू कामावर गेलीस तेव्हा काढून बघितली.” यांचा आवाज अगदी साधा होता. “म्हणून तर यंदाच हवं होतं.”

मैदानातून भोंग्यावर नावं पुकारायला सुरुवात झाली. टाळ्या ऐकू आल्या. यांचे बूट गुडघ्यापर्यंतचे, एकेकाला चार बकलं. शर्यतीनंतर यांची कमर वाकत नाही, म्हणून दरवर्षी मी खाली बसते आणि ती काढते. काढता काढता हे मला शर्यत पहिल्यापासून सांगतात आणि मी ऐकल्यासारखं करते. आजही मी मातीत बसले आणि हात पुढे केला.

यांनी पाय मागे घेतला. रागाने नाही, हळूच.

“राहू दे.”

आणि हे स्वतः वाकले. हात पोचायला चार बोटं कमी पडत होती. श्वास कोंडून आणखी वाकले, तेव्हा घशातून तो आवाज आला, जो मी रोज प्लास्टरच्या खोलीत ऐकते. दुसरा कुणी असता तर मी ओरडले असते, सरळ बसा म्हणून. वरचं बकल सुटलं. मग दुसरं. मी तशीच समोर मातीत बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. भोंग्यावर तिसऱ्याचं नाव झालं, टाळ्या झाल्या, थांबल्या. हे पहिल्या बुटाच्या चौथ्या बकलाशी होते.