कस्मुरीच्या अंगणातला साग

मी सागाचा ओंडका बोलतोय. इंडोनेशियातल्या जेपारा या सुतारांच्या गावात, कस्मुरी नावाच्या खुर्च्यावाल्याच्या अंगणात मी कितीतरी महिने नुसता लोळत होतो. जंगलात मला मान होता; इथे माझ्यावर कोंबड्या बसायच्या.

कस्मुरीला खुर्च्यांची मोठी ऑर्डर मिळाली होती. बारीक लाकूड, पॉलिश आणि मजुरीसाठी व्यापाऱ्याने आगाऊ रक्कमही दिली. हा शहाणा ती घेऊन लाकडाच्या लिलावाला गेला, मला पाहून पाघळला आणि सगळे रुपिया तिथेच ओतून आला. खुर्चीच्या पायाला माझ्याएवढं धूड लागतं का? पण कवेत न मावणारा साग दारात पडला की जेपाऱ्यात माणूस मोठा ठरतो.

शेजारी बघायला आले. त्यांना कॉफी पाजत, माझ्यावर थापा मारत तो सांगायचा, "हे सोनं आहे सोनं. पडू दे. भाव वाढेल."

"मग उद्या तेच शिजवते," त्याची बायको मुंतियाह म्हणाली. "अहो, पॉलिशला पैसे नाहीत. कापा तरी त्याला, नाहीतर विका."

"तुला धंद्यातलं काय कळतं गं?"

तिला सगळं कळत होतं. खुर्च्यांचे सांगाडे पॉलिशवाचून कोरडे उभे होते. ईद तोंडावर आली, तसा त्याचा सगळ्यात जुना नक्षीकार जुमाली दारात आला.

"मालक, ईदचा बोनस?"

"अरे, एवढा साग दिसत नाही तुला?"

"दिसतोय की. पोरांना ईदला हाच नेसवू का?"

जुमाली गेला तो परत आला नाही. बाकीचेही पांगले. व्यापाऱ्याने ऑर्डर समोरच्या खुर्च्यावाल्या वर्सितोला दिली आणि आगाऊ रक्कम परत मागितली. ती फेडायला कस्मुरीने मला वर्सितोलाच निम्म्या भावात विकलं. वर्सितोने लगेच करवत लावली. मला कस्मुरीची जराही कीव आली नाही.

आता मी वर्सितोच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय झालोय. इथेच कामाला लागलेला जुमाली माझ्यावर नक्षी काढतो आणि मला घासायला रोजंदारीवर बसलाय खुद्द कस्मुरी. मुंतियाहनेच वर्सितोच्या हातापाया पडून त्याला इथे चिकटवलं. काल पहिली मजुरी हातात पडली, तर हा गडी घरी न जाता बाजारात गेला आणि डोक्यावर सागाचं एक वेडंवाकडं मूळ घेऊन आला.

"जुमाली, बघ तरी! मातीमोल भावात मिळालं!"

जुमालीने पटाशी उचलून माझ्यावरची नक्षी पुढे सुरू केली.

उद्या मला पॉलिश होईल आणि मी जहाजात चढेन. जाता जाता एकच विनंती: कुणीतरी मुंतियाहला सांगा, पुढची मजुरी तिनेच येऊन उचलावी.