काचेपलीकडचे ओठ

तिसरं श्रवणयंत्र फुटलं तेव्हा ते तिच्या डाव्या कानातच होतं. नवऱ्याचा पंजा कानावर असा बसला की प्लॅस्टिकचं कवच चिरडलं आणि त्याची कड आत रुतली. ती शिलाई मशीनवर शर्टाला कॉलर लावत होती. पडतानाही तिने आधी कापड सावरलं, पण गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त सांडलंच. त्याबद्दल नवऱ्याने वेगळी लाथ घातली.

कारण नेहमीचंच. त्याने मागून हाक मारली आणि ती वळली नाही. तिशीनंतर तिचे कान हळूहळू गेले हे त्याला ठाऊक होतं, पण ही मुद्दाम दुर्लक्ष करते असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. तो वेल्डर होता, हात दगडासारखे. मारताना फारसा ओरडायचाही नाही. तिचा चेहरा आपल्याकडे वळवून सावकाश म्हणायचा, "ऐकू येत नाही ना? मग लागलेलं तरी कळतंय का बघू."

बुधवारी ती केंद्रात गेली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी चालवलेलं ते केंद्र म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा. पुढे काचेचं दार, आत डझनभर खुर्च्या, कोपऱ्यात यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं टेबल. यंत्रवाल्याने तो चुरा भिंगाखाली धरून बराच वेळ बघितला.

"पडलं," ती म्हणाली.

तिला आता काहीच ऐकू येणार नाही म्हणून त्याने वहीत लिहिलं: आधीची दोन्हीही पडली होती. पडलेलं यंत्र कोपऱ्यावर तडकतं. हे चेपलंय, आणि ह्यात रक्त आहे.

"घरातलं घरात राहू दे, दादा."

त्याने वाद घातला नाही. चुरा पाकिटात घातला, वर तारीख टाकली आणि पाकीट खणात ठेवलं. खणात तशीच आणखी दोन पाकिटं होती.

तेवढ्यात ओठ वाचायचा वर्ग सुरू झाला. अकरा जण आधीच बसले होते, ती बारावी. वर्गाच्या बाई ऐकू येणाऱ्या, पण शिकवताना आवाज काढायच्या नाहीत. त्या दिवशी प, फ, ब आणि म चालू होतं. चारहींना ओठ सारखेच मिटतात, ओळखायचं ते पुढच्यामागच्या शब्दांवरून. निवृत्त कंडक्टर पहिल्या रांगेत बसायचा. तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. "मला काही तक्रार नाही," तो म्हणायचा, "तक्रार बायकोची आहे. तिचं भाषण वाया जातं."

बाईंची पाठ दाराकडे होती, वर्गाची तोंडं दाराकडे. म्हणून नवरा काचेपाशी येऊन उभा राहिला तो सगळ्यांना एकदमच दिसला. त्याची नजर फक्त तिच्यावर होती. रस्त्यावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो हसऱ्या चेहऱ्याने, आवाज न काढता बोलू लागला. ओठ नीट हलवून बोललं की तिला कळतं, एवढं तो सोळा वर्षांच्या संसारात शिकला होता.

"बाहेर ये. घरी चल. आज दुसरा कान फोडतो. मग तुझीच कात्री तुझ्या गळ्यात घालतो."

बाराही जणांनी ते वाचलं.

तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. जणू भर वर्गात कुणी तिचे कपडे फेडले होते. सवयीने ती उठली आणि दाराकडे निघाली. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हातारीने तिचं कोपर घट्ट धरलं. कंडक्टर उठला, दाराला आतून कडी घातली आणि काचेपलीकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली.

तेव्हा कुठे नवऱ्याने बाकीच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. त्याने पिशवीतून लोखंडी पाना काढला. दुसऱ्या घावाला काच आत कोसळली. म्हातारीचं कपाळ फाटलं. तो तुकडे तुडवत आत आला, बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. बाई मध्ये पडल्या तेव्हा पाना त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज फक्त त्यांना, नवऱ्याला आणि यंत्रवाल्याला ऐकू आला.

कंडक्टरने खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. मग सगळेच तुटून पडले. खुर्च्या, काठ्या, चपला, नुसते हात. यंत्रवाल्याने पाना हिसकावला. नवरा उताणा पडला, तोंड रक्ताने भरलं, दोन दात हनुवटीवर ओघळले.

"पुरे," त्याचे ओठ म्हणाले. "सोडा. मरतोय मी."

सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत होते. सगळ्यांना ते स्पष्ट कळलं. कुणीही थांबलं नाही. तीही नाही. तिची टाच त्याच्या बोटांवर होती आणि ती अंगाचा सगळा भार त्या टाचेवर टाकत होती.

वर्गाचं लक्ष वेधायला बाई नेहमी दिवे चालू-बंद करायच्या. चांगल्या हाताने त्यांनी तेच केलं. चौथ्या वेळी हात थांबले.

पोलीस ठाण्यात फौजदार वैतागला. "बहिऱ्यांची जबानी कशी घ्यायची? ह्यांनी ऐकलं काय?"

"ऐकलं नाही, वाचलं," गळ्यात हात बांधलेल्या बाई म्हणाल्या. "वेगवेगळं बसवा आणि लिहून घ्या."

म्हातारी दवाखान्यात टाके घालून घेत होती. उरलेल्या दहा जणांनी लिहून दिलं. आठ कागदांवर 'दुसरा कान फोडतो' होतं, दोघांनी 'मोडतो' लिहिलं होतं. फौजदाराने ते कागद दोनदा चाळले. यंत्रवाल्याने तीन पाकिटं टेबलावर ठेवली.

मग ती बोलायला लागली. कानात यंत्र नसल्याने आपला आवाज किती चढलाय हे तिला कळत नव्हतं. पहिली थप्पड, इस्त्रीचा चटका, बाथरूममध्ये कोंडलेली रात्र. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावू लागली. कोठडीजवळचा हवालदार उभाच राहिला. तिने थांबून विचारलं, "मी फार हळू बोलतेय का?"

"नाही, ताई," फौजदार म्हणाला. मग आठवण होऊन त्याने तोंड वर केलं आणि नकारार्थी मान हलवली.

नवऱ्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तिचा डावा कान कायमचा गेला. बाईंना आता डाव्या हाताने लिहावं लागतं. नवऱ्याने उलट फिर्याद दिली, म्हणून कंडक्टरला दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावावी लागते. तो तक्रार करत नाही, पण हल्ली विनोदही कमी करतो.

ती वर्गातल्या त्या म्हातारीकडे एका खोलीत राहते, शिवणकाम करते. परवा तिची नणंद आली होती. ती खाली मान घालून खूप वेळ बोलली.

"वन्सं, वर बघून बोला," ती म्हणाली.

नणंदेने वर बघितलं. "तो म्हणतोय, सुटल्यावर घरी ये. तुझ्याशिवाय कोण आहे त्याला?"

"त्याचा मार खायला मी होते, तेही त्याला पुरलं नाही."

नणंद रडली. तिने तिला चहा करून दिला, आणि नणंद गेल्यावर दाराला कडी लावली आहे ना, हे दोनदा बघितलं.