न्यूडॉर्फांच्या घरची सही

न्यूडॉर्फांच्या जेवणाच्या टेबलावर शाळेतल्या बाई मार्लिस हाउक यांनी, म्हणजे मार्लिसने, गृहपाठाचे वीस संच मांडले. प्रत्येकात चार पानं, दोन व्याकरणाची आणि दोन अमेरिकेच्या इतिहासाची. सोमवारी द्यायचे, शुक्रवारी परत घ्यायचे. वीसही पूर्ण होते, उत्तरं बहुतेक बरोबर. पालकांच्या सहीची जागा वीसही ठिकाणी कोरी. सही नाही तर गुण नाहीत, हा शाळेचा नियम. तो व्हावा म्हणून भांडली होती मात्र मार्लिसच.

दर सहीला दोन गुण. न्यूडॉर्फांची मुलगी जस्टिना बाकीच्या विषयांत पास होती. या एकात परीक्षेचे पंचेचाळीस मिळाले होते आणि साठ हवे होते. म्हणजे आठ सह्या. पाच वाजता गुणांची नोंद बंद होणार होती. चार वाजून गेले होते.

"अहो, वर्षभर चिठ्ठ्या पाठवल्या मी," मार्लिस म्हणाली. "एका सहीला काय लागतं?"

कॉर्नेलियस न्यूडॉर्फने ओले हात विजारीला पुसले. "बाई, इथं छापलंय, 'मी हा अभ्यास तपासला असून तो बरोबर आहे.' मी मेक्सिकोत शिकलो, तेही बायबल वाचण्यापुरतं. बरोबर आहे हे मला काय ठाऊक? खोट्याखाली नाव घालू?"

गावातले निम्मे आईबाप गाडीच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून सही ठोकतात, हे मार्लिसला माहीत होतं. आणि या माणसाला ती वर्षभर बेफिकीर समजत आली होती. तिने पेन काढून ती ओळ खोडली, वर लिहिलं, 'मी हा अभ्यास वाचला.'

"आता?"

"आता चालेल." त्याने चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

"सगळं वाचणार?"

"वाचला असंच लिहिलंत ना?"

"पापा, जरा भरभर," जस्टिना म्हणाली. "पास झालीस तर हायस्कूल, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. नाही झालीस तर आत्याकडे चीज करायला, हेही म्हणालो."

घरात बोली जर्मन. इंग्रजी तो ओळीखाली बोट सरकवत वाचायचा. एक संच झाला की सही, सही झाली की मार्लिस फोनवर दोन गुण चढवायची. गोठ्यात गाई हंबरू लागल्या. दूध काढायची वेळ टळत होती, तरी तो उठला नाही.

पाचव्या संचात तो अडला. "यादवी युद्धात तीनशे डॉलर भरले की लढाईला जावं लागत नव्हतं?"

"हो. मग गरिबांनी दंगे केले," जस्टिना म्हणाली.

"आणि आपल्या पंथासारखे, ज्यांना मुळात कुणाला मारायचंच नव्हतं ते?"

"त्यांच्यावर पुस्तकात एकच वाक्य आहे, पापा. मी खाली जास्त लिहिलंय."

मुलीने लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"आजीने. पापा, पुढचं पान!"

"अहो, आता नुसतं चाळा," मार्लिसने हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "पाया पडते तुमच्या."

"चाळणं वेगळं, बाई." आवाजात राग नव्हता. कपाळावर घाम होता. बोट आधीपेक्षा जोरात सरकत होतं, पण एकही शब्द गाळत नव्हतं.

सातवा संच अर्ध्यावर असताना मार्लिसने गुपचूप त्याचे दोन गुण चढवले. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"हा अजून व्हायचाय."

जस्टिना मार्लिसच्या तोंडाकडे बघत होती. मार्लिसने ते दोन गुण पुसले. तो पुन्हा पानाकडे वळला. इतिहासाचं पहिलं पान संपवून दुसरं उलटत होता, तेव्हा पाच वाजले आणि फोनवरची गुणांची चौकट करडी झाली.

न्यूडॉर्फ, जस्टिना. व्याकरण व अमेरिकेचा इतिहास : ५७. उत्तीर्णतेसाठी : ६०.