चोवीस मिनिटांची वाटी

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका! सुईच्या टोकाएवढं ते भोक हीच माझी सगळी विद्या. पाण्याने भरलेल्या घंगाळात मला सोडलं की त्यातून पाणी वर चढतं, मी भरते आणि बुडते. त्याला बरोबर चोवीस मिनिटं लागतात. जुनी माणसं त्याला घटका म्हणायची.

औंढ्याच्या बंडोपंत भटजींकडे मी राहते. लग्नाचा मुहूर्त ते माझ्यावर पाहायचे. मी बुडाले की अंतरपाट दूर व्हायचा. काय थाट होता माझा! मग घड्याळं आली, मोबाइल आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी मिनिट आलं. त्याचं माप मला कधीच कळलं नाही. नवरीचा मामा "एक मिनिट" म्हणाला की समजावं, फेटा सापडेना. वायरमन "पाच मिनिटांत आलो" म्हणाला की उद्या. "मिनिटभर टेका" म्हणजे चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. कुणी गेलं की शाळेतली लेकरं एक मिनिट गप्प उभी राहतात म्हणे, तेवढंच काय ते खरं. मी मात्र देवघराच्या फळीवर धूळ खात पडले.

गेल्या वैशाखात बंडोपंत अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. मुलगा स्वानंद हैदराबादला. त्याच्या आईने, गंगूताईंनी फोन केला की तो म्हणायचा, एक मिनिट, मीटिंग संपू दे. एका दुपारी बंडोपंतांनी हट्टाने मला मागून घेतलं आणि घंगाळात सोडलं.

"ही बुडली की मी निघालो," ते म्हणाले.

"एक मिनिट थांबा हो," गंगूताई म्हणाल्या. "पोरगं येऊन राहिलं."

बंडोपंतांनी थकून पापण्या मिटताच गंगूताईंनी मला उचललं, मेणबत्तीचं मेण माझ्या भोकात दाबून भरलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं.

तीन दिवस मी तरंगत राहिले. घंगाळातलं पाणी जराही हललं नाही, भर उन्हाळ्यात आटलंही नाही. बंडोपंतांच्या घशाखाली घोट उतरेना, डोळ्याला डोळा लागेना, अंग गार पडलेलं, पण श्वास चालूच. डॉक्टर नाडी धरून बसले आणि पिशवी उचलून निघून गेले. काहून बुडेना ही, असं बंडोपंत पुन्हा पुन्हा विचारत. गंगूताई म्हणत, एक मिनिट. एवढं लांब मिनिट मी जन्मात पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला माझीच भीती वाटली.

चौथ्या दिवशी भर दुपारी स्वानंद आला. वडिलांची दशा पाहून त्याला रडू फुटलं. गंगूताईंनी पदराने डोळे पुसले, टाचणीने मेण कोरून काढलं आणि मला पाण्यात सोडलं.

"आता चोवीस मिनिटं आहेत," त्या लेकाला म्हणाल्या. "यांचा हात सोडू नकोस."

पाणी चढू लागलं. नेहमीपेक्षा फार गार होतं ते. बंडोपंत लेकाकडे बघून हसले, काहीतरी सांगायला त्यांचे ओठ हलले, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"एक मिनिट हं, बाबा," म्हणत स्वानंद अंगणात गेला.

मी थांबायची धडपड केली हो! पण भोक असलेली वाटी थांबणार कशी? बाहेर त्याचं बोलणं संपेना. बंडोपंतांची नजर दारावरच होती. माझा काठ पाण्याला टेकला, आणि मी बुडाले.

आता मी पुन्हा फळीवर आहे. पण तिकडे हैदराबादला स्वानंद कुणालाही "एक मिनिट" म्हणाला की इकडे माझ्यात एक थेंब जमतो. बुडाला भोक असून गळत नाही. गंगूताई मला रोज पुसतात, आणि रोज पाणी कालच्यापेक्षा वर आलेलं असतं. आज ते काठाच्या दोन बोटं खाली आहे.

म्हणून विनवते, मित्रांनो. घरातल्या कुणी हाक मारली तर लगेच उठून जा. आणि "एक मिनिट" म्हणालातच, तर ते मोजा. मी मोजतेच आहे.