एकेरी जोडणी

मार्लिसने संगणकात उभ्या केलेल्या नमुन्यात मामाचा नवा स्पीकर तिसऱ्यांदा फाटला. आवाज चढवला की त्याचा कागदी शंकू वीतभर बाहेर उडायचा. खरा स्पीकर एवढा हलला असता तर त्याच्या चिंध्याच झाल्या असत्या.

"मग, काय म्हणतो तुझा डबा?" नाफेर मामाने दारातून विचारलं. हातात तळलेला युकाचा कंद होता, पण घास उतरत नव्हता. उद्या गल्लीच्या नाचाला त्याचा पिको, म्हणजे कपाटाएवढी रंगीबेरंगी स्पीकरभिंत, त्याचा जुना प्रतिस्पर्धी कामाचो याच्या पिकोसमोर उभा राहायचा होता. अर्ध्या बार्रांक्विया शहराला त्याने बढाया मारून ठेवल्या होत्या.

"नको वाजवूस म्हणतो, मामा."

"मग मी तिथे काय शिट्ट्या मारू? मामाचं नाक कापायलाच विद्यापीठात गेली होतीस का, बये?"

मार्लिस तणतणत अंगणात गेली. स्पीकर ट्रकवर चढवायला तयार होता. वाटेत शंकू डुगडुगू नये म्हणून सगळेच पिकोवाले त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून ठेवतात, तशा मामानेही ठेवल्या होत्या. तिने शंकू दाबला. चिखलात हात घातल्यासारखा जड लागला. तारा सोडून पुन्हा दाबला, तर अगदी हलका! हे पीळ ती लहानपणापासून बघत होती, पण ते कशासाठी, असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"मामा, मी गाढव आहे!"

"ते ठाऊक आहे. स्पीकरचं बोल."

वीज शंकूला ढकलते, एवढंच तिने संगणकाला सांगितलं होतं. हलणारा शंकू उलट वीज तयार करतो आणि स्वतःलाच आवरतो, हे सांगायचं राहिलं होतं. तिने हालचालही विजेला जोडली आणि पुन्हा चालवून पाहिलं. शंकू जागच्या जागी थरथरला.

"वाजव, मामा! पण आवाजाचं बटण पाऊण फेरीच्या पुढे नको. तिथून पुढे खरंच फाटेल."

दुसऱ्या दिवशी कामाचोने गल्ली दणाणून सोडली. मामाने बटण पाऊण फेरी फिरवलं आणि खिडक्यांची तावदानं वाजू लागली. लोक "अजून! अजून!" ओरडायला लागले. कामाचो माइकवरून म्हणाला, "दमलास का रे म्हाताऱ्या?"

त्या बटणाच्या बाबतीत मामाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. त्याचा हात पुढे गेला आणि थांबला. त्याने माइक उचलला.

"इथपर्यंतच! आमच्या इंजिनिअरबाईंनी सांगितलंय."

मार्लिसला त्याने आजवर इंजिनिअर म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच ती नाचायला लागली.