माझी चमक गेली त्याची गोष्ट

मी एक जुनी पितळी कडी आहे, मित्रांनो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका हिरव्या दाराला बाहेरच्या बाजूने बसवलेली. घरातली माणसं बाहेर निघाली, की दार ओढायचं, मला चौकटीवरच्या कोयंड्यावर, म्हणजे त्या अर्धगोल कड्यावर, चढवायचं आणि वरून कुलूप अडकवायचं. एवढंच माझं काम. आज तुम्ही मला पाहिलंत तर नाक मुरडाल, कारण मी चांगलीच काळवंडले आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या, की शेवटी डोळ्यांत पाणी आणतात आणि आता आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून हळहळतात. मलाही आता कुणी विचारत नाही. पण मी रडणार नाही, कारण मला त्याचा अभिमान आहे. तो का, हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड झालं, आणि मी बाहेर पडले ती ओबडधोबड, कडांना धार असलेली. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासलं. कुणाच्या बोटाला ओरखडा उठू नये म्हणून तो माझ्या कडांवरून स्वतःचा अंगठा फिरवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. मग त्याने मला उजेडात धरलं आणि समाधानाने मान हलवली. त्या दिवशी मी जी चमकले, तो तोरा पुढे कितीतरी वर्षं माझ्या अंगात राहिला.

मला विकत घेतलं ते एका कुलपं दुरुस्त करणाऱ्या तरुणाने. नाक्यावर त्याचं टीचभर दुकान होतं. नुकतंच लग्न झालेलं, दोन खोल्यांचं घर नुकतंच भाड्याने घेतलेलं. त्याने पेटीतल्या साऱ्या कड्या ओढून, वाकवून, कानाशी वाजवून पाहिल्या आणि मला निवडलं. स्वतःच्या हातांनी चार स्क्रू पिळून मला दाराला बसवलं. त्याची बायको शिवणाच्या कारखान्यात कापड बेतायची. सकाळी दोघं एकत्र निघायची, मला लावायची आणि माझ्याकडे पाठ फिरवून जिना उतरायची. त्या वेळी मला कुणी दुसऱ्यांदा हात लावत नव्हतं, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग त्यांना मुलगी झाली. कुठेही निघाली तरी आधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी जिना चढून यायची आणि मला गाठायला उड्या मारायची. हात पोचला त्या दिवशी तिने सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल एवढा आरडाओरडा केला. माझं त्या पोरीवर फार प्रेम होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भिंगरी सात वर्षांची झाली आणि काहीतरी बिनसलं. कशामुळे, ते कुणालाच ठाऊक नाही. एका सकाळी बाबांनी कुलूप लावल्यावर ती मागे वळली आणि तिने मला तीनदा ओढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तीनदा ओढताना मध्येच कुणी बोललं, तर पहिल्यापासून सुरुवात. मग तेच तीनदा ओढणं तीन वेळा. मग आईने शेजारी उभं राहून, रोज त्याच सुरात, "लागली गं," असं म्हणायचं. सूर जरा बदलला तरी सगळं पुन्हा.

तिच्या बोटांनी घासून घासून मी पहिल्या दिवसापेक्षा लखलखीत दिसू लागले. खरं सांगते, मी हुरळून गेले. मला वाटलं, पोरीचा माझ्यावर केवढा जीव! पण एकदा माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो घामाने ओला होता. ओठांतल्या ओठांत ती पुटपुटत होती, की कडी नीट लागली नाही तर आईला काहीतरी होईल. गिरकी तर ती केव्हाच विसरली होती. मला त्या क्षणी माझ्या चमकेची शरम वाटली.

मी घट्ट लागलेली असायचे हो. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. तेव्हा मला वाटायचं, की तेवढ्याने काम झालं असतं.

शाळेची बस सव्वासातला खाली यायची आणि भिंगरीला न घेताच जायची. आईला कारखान्यात बोलणी बसायची. बाबा एकदा चिडून ओरडले, तेव्हा ती जिन्यातच बसून रडली आणि डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. वरच्या मजल्यावरची मुलं येता जाता मुद्दाम मला टिचकी मारून हसायची. शाळेतून निरोप आला, की वर्षअखेरीला वर्गाची सहल समुद्रकाठच्या दीपगृहावर जाणार आहे आणि बस कुणासाठीही थांबणार नाही. त्या दीपगृहाचं चित्र भिंगरीने दोन वर्षांपासून पलंगाशी चिकटवून ठेवलं होतं. वर दिवा स्वतःभोवती फिरतो, म्हणून ते तिला आवडायचं. निरोप वाचून आई माझ्यासमोरच पायरीवर बसली आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

आता बाबांनी काय केलं ते ऐका. माणूस कुलपांचा. आयुष्यभर लोक शंका घेऊन दुकानात यायचे आणि हा त्यांना जाडजूड कुलूप देऊन निर्धास्त घरी पाठवायचा. त्याला वाटलं, पोरीला माझा भरवसा वाटत नाही, तर भरवसा वाढवू. एका रविवारी त्याने माझ्या वरच्या बाजूला एक पोलादी कडी बसवली आणि खाली आणखी एक. तीन कड्या, तीन कुलपं. आत चाप कसा बसतो, तेही एक कुलूप खोलून तिला दाखवलं. मोठ्या हौसेने केलं बिचाऱ्याने. सोमवारी भिंगरीने तिन्ही कड्या नऊ नऊ वेळा ओढल्या. बस गेली, शाळेची घंटा झाली, तरी ती दारातच उभी होती. बाबांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला आणि शाळेने दिलेला एक फोन नंबर शोधू लागले.

तो नंबर होता मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचा. आधी भिंगरीला घेऊन आईबाबा त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले आणि मग बाई स्वतःच एका सकाळी आमच्याकडे आल्या, कारण दुखणं दाराशी होतं. बाई जाड भिंगांच्या, करकरणाऱ्या चपलांच्या. घरात गेल्याच नाहीत. सरळ जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि भिंगरीलाही शेजारी बसवलं. म्हणाल्या, ही खोड नाही आणि हट्ट तर नाहीच. हा एक आजार आहे, पुष्कळ मुलांना होतो, त्यात ना आईची चूक ना बाबांची ना तुझी, आणि त्यावर उपाय आहे. त्यांनी तिला त्या काळजीचं नाव ठेवायला सांगितलं. भिंगरीने विचार करून ठेवलं, भुणभुण्या.

"भुणभुण्या विचारतो, कडी लागली का?" बाई म्हणाल्या. "तू ओढून बघतेस, आई सांगते लागली. त्याचं पोट भरतं. किती वेळ?"

"थोडाच वेळ," भिंगरी म्हणाली.

"मग पुन्हा भूक लागते. आपण सगळे मिळून त्याला खाऊ घालतोय बघ. आणि बाबांनी तर त्याला आणखी दोन ताटं वाढली."

बाबा ओशाळून हसले. मीही वरमले, कारण मीसुद्धा ओरडून तेच खाऊ घालायला निघाले होते.

काम मात्र सोपं नव्हतं. बाईंनी आणि भिंगरीने मिळून कागदावर एक जिना काढला. खालची पायरी सर्वांत सोपी. नऊऐवजी सहा वेळा ओढायचं, मग थांबायचं, आणि काळजी दहापैकी किती आहे ते सांगायचं. थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं, मागे फिरायचं नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, नऊ. जिन्यात बसून आईचा हात आवळत राहिली. आई काही समजूत घालत नव्हती, फक्त बसली होती. बऱ्याच वेळाने भिंगरी म्हणाली, सात. मग पाच. कुणीही कडी न ओढता काळजी आपली आपणच उतरली, याचं तिला एवढं नवल वाटलं, की तिने बाईंना फोन करून सांगितलं.

भिंगरीने विचारल्यावर आईने उत्तर द्यायचं नाही, असं आधीच तिघांनी मिळून ठरवलं होतं. भिंगरी विचारायची, "लागली का गं?" आणि आई म्हणायची, "हा भुणभुण्याचा प्रश्न. लागली असेल, नसेलही. बघू." ते म्हणताना आईच्या जिवाची काय घालमेल व्हायची, ते मी रोज जवळून पाहिलं आहे. एका पावसाळी सकाळी तिला राहवलं नाही. लेकीचं रडणं ऐकून ती पटकन "लागली गं" म्हणून गेली. पुढचे तीन दिवस सगळं पुन्हा नऊवर. आई स्वतःवर फार चिडली. बाई म्हणाल्या, घसरलात तर त्याच पायरीपासून पुन्हा चढा, तळापासून नको.

पुढे एका रविवारी बाबांनी स्वतः बसवलेल्या दोन्ही पोलादी कड्या स्वतःच काढल्या. स्क्रू भिंगरीने जपून वाटीत धरले होते. दारावर आठ भोकं राहिली, ती त्यांनी पुट्टी भरून बुजवली, पण डाग अजून दिसतात.

सहलीचा दिवस उजाडला तेव्हा जिन्याची शेवटची पायरी उरली होती. माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, बाबांनी कुलूप लावायचं, आणि मला हात न लावता, न बघता खाली जायचं. खाली बस उभी होती. भिंगरी पाठ करून उभी राहिली, मुठी आवळलेल्या. आई जिन्यात दोन पायऱ्या खाली. बाबांनी दार ओढलं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, लेकीच्या पाठीवर होतं. त्यांनी कुलूप कोयंड्यात अडकवलं, खट्ट दाबलं, आणि मी बाजूला तशीच लोंबकळत राहिले.

हो, मित्रांनो. कुलूप लागलं, पण मी लागलेच नव्हते. ज्याला अख्खा मोहल्ला आपली कुलपं विश्वासाने सोपवतो, त्याने स्वतःचं घर उघडं टाकलं.

"किती?" आईने विचारलं.

"आठ," भिंगरी म्हणाली आणि एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. माझ्या मनात एकच कालवा चालला होता, अगं मागे फिर, बघ, एकदा तरी बघ! तेव्हा मला कळलं, की ह्या लेकराने वर्षभर आत काय सोसलं होतं. ती वळली नाही. बसचा भोंगा वाजला आणि बस गेली, ह्या वेळी तिला घेऊन.

दुपारी वाऱ्याने दार हातभर उघडलं. खालच्या मजल्यावरचं मांजर आत गेलं आणि बाबांच्या खुर्चीत झोपलं. एवढंच काय ते घडलं. मी मात्र दिवसभर जीव मुठीत धरून होते. चोराची नव्हे, संध्याकाळची भीती होती. दार उघडं दिसलं, तर भुणभुण्या म्हणेल, बघ, मी सांगत होतो! आणि मग सगळी मेहनत पाण्यात जाईल.

संध्याकाळी तिघं वर आली. बाबा दार बघून जागीच थबकले. आईने भिंगरीचा खांदा धरला. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे, मग आईकडे, वरपासून खालपर्यंत, नीट.

"बाबा, कडी लागलीच नव्हती," ती हळूच म्हणाली. "दिवसभर."

"नव्हती गं. चुकलो मी."

"आणि आई तर इथेच आहे."

ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. मांजर दचकून बाहेर पळालं, तशी आईही हसली आणि हसता हसता रडली. भिंगरीने मला हातसुद्धा लावला नाही. दारातच एक गिरकी घेतली आणि दीपगृहाचा दिवा कसा फिरतो, ते सांगत आत गेली.

भुणभुण्या कायमचा गेला असं नाही. परीक्षेच्या दिवसांत आठवडाभर येऊन गेला. पण आता तिला त्याच्यासमोर उभं राहता येतं.

मित्रांनो, तुमच्याही मनात असा कुणी भुणभुणत असेल, तर लपवू नका, घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. तुमच्या वर्गात कुणी सारखे हात धूत असेल, सारखं दप्तर तपासत असेल, तर हसू नका, शेजारी बसा.

आणि माझ्यासाठी एक कराल? जुन्या वस्तू घासूनपुसून जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मला मात्र पुसू नका. भिंगरी आता दहा वर्षांची आहे. सकाळी धाडधाड जिना उतरते आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी दिवसेंदिवस काळी पडते आहे, आणि ते मला फार आवडतं.